गाडी नाही, गुडघे दुखतात, तरी नदीकाठी चालायचंय: कवडी पाट, नांदूर मध्यमेश्वर की चोडण?

आमच्या घरी चारचाकी नाही आणि आईचे गुडघे आता चढ मानत नाहीत. त्यामुळे "रविवारी कुठे जायचं?" या प्रश्नातून गडकिल्ले आपोआप गळतात. उरतात ते नदीकाठ. सपाट जमीन, समोर पाणी, हिवाळ्यात पाखरं आणि मधूनमधून टेकायला एखादा कट्टा. गेल्या काही हिवाळ्यांत आम्ही एसटी, पुण्याची शहरबस पीएमपी आणि गोव्यातल्या बसने अशा तीन जागा पायाखाली घातल्या. पक्षीमित्रांना विचारलंत तर ते कुठे कोणते पक्षी दिसतात ते सांगतील. पण बसने जाणाऱ्याचा दिवस चांगला की वाईट हे ठरतं ते बस जिथे सोडते तिथून पाण्यापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यावर आणि परतीच्या गाडीवर.

पुण्याहून सगळ्यात जवळची जागा कवडी पाट. पुणे-सोलापूर रस्त्यावर हडपसरच्या पुढे, लोणी काळभोरच्या अलीकडे. लोणी, उरुळी कांचन, थेऊर या बाजूला जाणारी पीएमपी पकडायची आणि कंडक्टरला "कवडी पाट टोलनाका" एवढंच सांगायचं. उतरल्यावर डाव्या हाताला गावाकडे जाणाऱ्या रस्त्याने चालत गेलं की मुळा-मुठा येते. आईच्या चालीने, दोनदा थांबून, आम्हाला अर्ध्या तासाच्या आत पोचता आलं. चढ नाही. नदीवर ठेंगणा जुना बंधारावजा पूल आहे. त्याच्या खालच्या अंगाला खडकांतून पाणी धावतं आणि तिथेच सगळी गर्दी असते: शेकाटे, धोबी, नदी सुरय, पाणकावळे आणि थंडीत चक्रवाकांच्या जोड्या. दुर्बीण नसली तरी चालतं, इतकी पाखरं जवळ येतात.

आता दुसरी बाजू. पाणी म्हणजे पुण्याचं सांडपाणी. फेस असतो, बांधाला प्लास्टिक अडकलेलं असतं, जलपर्णी असते, आणि वारा उलटा फिरला की नाकाला रुमाल लावावा लागतो. आई पहिल्यांदा गेली तेव्हा म्हणाली, "पक्ष्यांना वास येत नाही का गं?" खरं तर या घाणीतल्या किड्यांवरच त्यातले बरेचसे पोट भरतात. दम्याचा त्रास असलेल्या माणसाला मी इथे नेणार नाही, लहान मूल असेल तर पाण्याजवळ सोडणार नाही. सोबत खाऊ न्या, पण तो परतीच्या बसमध्ये खा. नदीकाठी स्वच्छतागृहाची अपेक्षा धरू नका, हडपसरलाच आवरून निघा. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: जाताना तुम्ही नदीच्या बाजूलाच उतरता, पण परतीची बस महामार्गाच्या पलीकडून मिळते. सगळ्या सहलीत अवघड असेल तर हे ओलांडणं. आम्ही सकाळी सातला तिथे असतो आणि साडेनऊपर्यंत निघतो. त्यानंतर ट्रकांची रांग वाढते आणि उन्हाने वासही.

नांदूर मध्यमेश्वरची गोष्ट अगदी वेगळी. नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दगडी बंधारा बांधला. त्यातून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. वर्षानुवर्षं गाळ साठत गेला, उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती झाल्या आणि माणसाने शेतीसाठी बांधलेली गोष्ट पाखरांची झाली. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समावेश जाहीर झाला, आणि त्या यादीतलं हे महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. राजस्थानातल्या प्रसिद्ध पक्षी अभयारण्यावरून पडलेलं "महाराष्ट्राचं भरतपूर" हे नाव मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून तोंडात आहे.

चालायला ही जागा तिन्हींत उत्तम. चापडगावच्या बाजूने आत गेलं की पाण्याकडेने सपाट पायवाट आहे, मनोरे आहेत, आणि सगळीकडे उसाचा आणि ओल्या मातीचा वास. जांभळ्या पाणकोंबड्या पाणवनस्पतींवरून लांब बोटांनी चालतात, वारकरी शेकड्यांनी पोहत असतात. या काळ्या अंगाच्या, पांढऱ्या कपाळाच्या पाखराला आपल्याकडे वारकरी म्हणतात हे कळल्यावर आईला बाकीच्या पक्ष्यांत रस उरला नाही. तलवार बदक, थापट्या, चमचा, चित्रबलाक हे सगळं दिसतं, पण लांबून. इथे दुर्बीण हवीच, नाहीतर ठिपके बघून याल. गुडघेवाल्यांसाठी सूचना एकच: मनोऱ्याचा जिना सोडून द्या, पायवाटेवरूनही पुष्कळ दिसतं.

पाण्याची पातळी मात्र पक्ष्यांच्या सोयीने ठरत नाही. वरच्या धरणांतून पाणी सुटतं, कालव्यांची आवर्तनं (शेतीला पाणी सोडण्याच्या पाळ्या) असतात, त्यामुळे एका आठवड्यात चिखलाचे पट्टे उघडे असतात आणि पुढच्या आठवड्यात सगळं भरलेलं. कमी पाणी म्हणजे चिखलात टोचणारी पाखरं जास्त, भरलेलं पाणी म्हणजे बदकं जास्त. दोन्ही चांगलंच, फक्त मागच्या वर्षीचे फोटो बघून तेच दिसेल असं धरून जाऊ नका.

आता बस. नाशिकहून निफाडला एसटी भरपूर, त्यात काही अडचण नाही. अडचण निफाडपासून पुढे सुरू होते. गावच्या गाड्या शाळा-बाजाराच्या हिशेबाने धावतात, म्हणजे नेमक्या रविवारी कमी. निफाड स्थानकावर चौकशी खिडकीत जायची आणि परतीची वेळ दोघांकडून विचारून घ्यायची: एकदा खिडकीत, एकदा ज्या गाडीने चाललात तिच्या कंडक्टरला. आम्ही एकदा फक्त खिडकीवर विसंबलो, मनोऱ्याखाली पाय पसरून बसलो आणि गाडी गेली. शेवटी कांद्याच्या टेम्पोत पुढच्या सीटवर आई आणि मागे गोण्यांवर मी. आईला तो भागच सगळ्यात आवडला, हे वेगळं. तुम्ही मात्र निफाडहून येण्याजाण्याची रिक्षा ठरवून टाका, थांबण्याच्या पैशांसकट. तिघं असाल तर जड जात नाही. पुण्याहून एका दिवसात हे जमवायच्या फंदात पडू नका. आदल्या रात्री नाशिकला मुक्काम करा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, त्यामुळे आमच्या दोघींचा खर्च बराचसा रिक्षा आणि मिसळीवरच झाला.

तिसरी जागा गोव्यातली, आणि बसवाल्यांसाठी सगळ्यात सोपी: चोडण बेटावरचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. १९८८ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर, सगळं मांडवीकाठची खारफुटी. पणजीच्या बसस्थानकावरून जुन्या गोव्याकडे जाणारी बस धरायची, पण चढण्याआधी "रायबंदरमार्गे का?" हे विचारायचंच, कारण काही गाड्या बाहेरच्या रस्त्याने निघून जातात. रायबंदरला फेरी धक्क्यावर उतरायचं, बोटीने मांडवी ओलांडायची, पलीकडे उतरलं की अभयारण्याचं फाटक चालत अगदी जवळ. शेवटचा टप्पा असा हवा. शिवाय बसचा रस्ताच बघण्यासारखा: पणजी ते रायबंदर हा पोर्तुगिजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला पूल, एका अंगाला मांडवी आणि दुसऱ्या अंगाला मिठागरं. खिडकी डावीकडची पकडा, नदी त्या बाजूला.

आतली वाट बांधीव आहे, सावली आहे, पण छोटी. भराभर चालणाऱ्याला अर्ध्या तासात "एवढंच?" वाटेल. इथे चालण्यापेक्षा थांबण्याला महत्त्व आहे. खारफुटीची श्वासमुळं चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली, त्यांच्यात एक नांगी मोठी असलेले खेकडे, आणि चिखलावर उड्या मारणारे निवटे. आई म्हणाली, पाखरं राहू देत, हा मासा जमिनीवर काय करतोय ते आधी सांग. भरतीला हे सगळं पाण्याखाली जातं आणि तुम्हाला फक्त हिरवी भिंत दिसते. म्हणून ओहोटीची वेळ बघून जा, बसचं वेळापत्रक नंतर बघा. डासांचं मलम विसरलात तर ओहोटीही आनंद देणार नाही. पाय मोकळे करायचे असतील तर फाटकाबाहेर पडून बेटावरच्या गावरस्त्याने चाला. खाजन शेतीचे, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांचे बांध आणि भरती-ओहोटीचं पाणी अडवणारी लाकडी दारं, म्हणजे मानस, ही चोडणची खरी ओळख. भरतीच्या दाबाने दार आपोआप मिटतं आणि ओहोटीला उघडतं.

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या, उजनी धरणाजवळच्या भिगवणचं काय, असं हमखास विचारलं जातं. रोहित पक्षी बघायचे असतील तर जरूर जा, पण ती नावेतली सहल आहे, चालण्याची नव्हे. एसटी भिगवणला सोडते, उजनीचं पाणी तिथून पुढे कुंभारगाव-डिकसळकडे, आणि मधलं अंतर पायी जायचं नाही. म्हणून मी ते या तुलनेत धरलं नाही.

पुण्यात आहात आणि फक्त एक सकाळ मोकळी आहे, तर कवडी पाट, वासाची तयारी ठेवून. दोन दिवस आहेत आणि खरंच चालायचंय, तर नांदूर मध्यमेश्वर, रिक्षा ठरवून. सत्तरीपुढची माणसं किंवा लहान मुलं सोबत आहेत आणि गोव्याला तसंही जाणार आहात, तर समुद्राचा एक अर्धा दिवस कापून चोडणला द्या. माझ्या आईला विचाराल तर ती नांदूर म्हणेल, टेम्पोसकट.

डिसेंबर-जानेवारीत निफाडला निघालात तर स्वेटर नव्हे, स्वेटरवर शाल घ्या. राज्यातलं सगळ्यात कमी तापमान अनेकदा इथेच नोंदवलं जातं, आणि पहाटेच्या बसमधून द्राक्षबागांत थंडीपासून घड वाचवायला पेटवलेल्या शेकोट्या दिसतात.