धुपाटणं आणि सुटा धूप: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

गेल्या पावसाळ्यात सेंटची उदबत्ती बंद करून पितळी धुपाटणं आणलं. आता उन्हाळा लागलाय आणि मत पक्कं झालंय: सुटा धूप (निखाऱ्यावर टाकायचा झाडाचा चीक किंवा डिंक) उत्तम, पण रोजच्यासाठी नाही.

सगळा खेळ निखाऱ्याचा. पूजेच्या दुकानातल्या गोल कोळसा-वड्या झटकन पेटतात, कारण त्यांत सोरा (पेटायला मदत करणारा क्षार) असतो. तडतड थांबून वडीवर पांढरी राख चढेपर्यंत धूप घालूच नका, नाहीतर उग्र वासच घरभर होतो. त्यापेक्षा नारळाच्या करवंटीचा निखारा कितीतरी सरस. त्यावर चिमूटभर राख भुरभुरवली की धूप भसकन जळत नाही, सावकाश वितळतो आणि वासही टिकतो.

आमच्याकडे पहिला नंबर उदाचा. गोडसर, व्हॅनिलाकडे झुकणारा वास. सर्दीत टिंक्चर बेन्झॉइनचा वाफारा घेतला असेल तर लगेच ओळखाल, ते उदाचंच करतात. राळ म्हणजे साल वृक्षाचा चीक. स्वस्त, पण धूर फार. गुग्गुळाचा वास कडवट, मातकट. मला आवडतो, घरात बाकी कुणाला नाही. पण बाजारात भेसळ खूप. शिवाय कच्छ-राजस्थानातलं हे काटेरी झुडूप चिकासाठी वेडेवाकडे चिरे पाडल्याने मरतं, आज ते अतिसंकटग्रस्तांत मोडतं. म्हणून गुग्गुळ परत आणला नाही. सातपुड्याकडे होणाऱ्या सालईच्या झाडाचा डिंक घेतो; वास हलका, जरा लिंबाच्या अंगाने जाणारा.

नैसर्गिक आहे म्हणून धूर बाधत नाही, असं अजिबात नाही. खिडकी उघडी हवीच. सासूबाईंना नातवाला ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची होती, बाळाच्या डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. दोन दिवस अबोला होता, पण धुरी टळली.

आता धूप फक्त गुरुवारी दिवेलागणीला, शिर्डीत धूपारती होते त्या सुमारास. एरवी मसाला उदबत्ती, तीही अर्धी मोडून.

धुपाटण्याला चिकटलेला थर चिंचेने निघत नाही. भांडं कोमट असतानाच कागदाने पुसा, उरलेलं स्पिरिटच्या बोळ्याने. पण स्पिरिट लावण्याआधी भांडं पूर्ण गार होऊ द्या. आणि घेताना लाकडी मुठीचंच घ्या. सबंध पितळी दिसायला छान, पण निखारे घातल्यावर फडक्याशिवाय हातात धरवत नाही.