लिडेल-स्कॉट यांचा ग्रीक कोश: ‘नोसॉस’ या एका नोंदीच्या कसोटीवर

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात मराठी नवा करार बारकाईने वाचणारी मंडळी बरीच आहेत. मत्तय ४:२३ या वचनात ‘रोग’ आणि ‘दुखणे’ हे दोन शब्द शेजारी शेजारी का आले, असा प्रश्न आमच्या अभ्यासवर्गात निघाला, तेव्हा मूळ ग्रीक शब्दांसाठी लिडेल आणि स्कॉट यांच्या ग्रीक-इंग्रजी कोशाकडे वळावे लागले. १८४३ साली ऑक्सफर्डहून प्रथम निघालेल्या या कोशाची नववी आवृत्ती १९४० मध्ये पूर्ण झाली. छापील प्रत महाग आणि अवजड आहे, पण टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस संकेतस्थळावर संपूर्ण कोश विनामूल्य पाहता येतो.

त्या वचनातील पहिला शब्द ‘नोसॉस’. तो स्त्रीलिंगी असून होमर, हेसिओद आणि हिरोडोटस या प्राचीन ग्रीक लेखकांकडे ‘नूसॉस’ असा येतो. पहिला अर्थ आजार आणि साथ. होमरच्या इलियड या महाकाव्याच्या आरंभीच अपोलो देव ग्रीकांच्या छावणीत जी साथ पसरवतो तिला कवीने हाच शब्द वापरला आहे, आणि मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेण्याची रीत ज्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितली आहे, त्यांना देवाच्या कोपातून उठलेली साथ वेगळी समजावून द्यावी लागत नाही. उलट प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ‘पवित्र रोग’ या अपस्मारावरील (फिट्‌स येण्याच्या आजारावरील) ग्रंथाच्या नावातही हाच शब्द आहे, पण तो आजार इतरांपेक्षा अधिक दैवी नाही, त्यालाही नैसर्गिक कारण आहे, असे तेथे ठामपणे मांडले आहे.

कोशाचे खरे मोल पुढच्या अर्थांत दिसते. मनाची तळमळ, वासनेचा किंवा वेडाचा पछाडा, राज्यातील दुफळी, हे सारे ‘नोसॉस’च, आणि सोफोक्लीजच्या अँटिगनी नाटकात (ओळ ४२१) पहारेकरी धुळीच्या वावटळीलाही ‘दैवी नोसॉस’ म्हणतो, जी त्यांनी डोळे मिटून सोसली. प्रत्येक अर्थापुढे अवतरणाचा संदर्भ असल्यामुळे वाचकाला मूळ ओळ उघडून अर्थ स्वतः पडताळता येतो, आणि या कोशाचा असाच उपयोग करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. नुसते इंग्रजी प्रतिशब्द टिपून घेतले, तर वावटळीची ती ओळ कधीच हाती लागणार नाही.

उणिवाही आहेत. वचनातील दुसरा शब्द ‘मलाकिया’, म्हणजे मुळात मऊपणा, त्यावरून अशक्तपणा व दुखणे. तिसरा जवळचा शब्द ‘अस्थेनेइया’, म्हणजे बळ नसणे. योहान ११:४ मध्ये लाजराच्या आजाराला आणि २ करिंथ १२:९ मध्ये पौलाच्या अशक्तपणाला तोच वापरला आहे. कोशात या शब्दांच्या नोंदी आपापल्या जागी आहेत; तिन्हींची तुलना वाचकालाच करावी लागते. ग्रंथकारांच्या नावांचे संक्षेप नवख्याला अडवतात, त्यामुळे आरंभीची संक्षेपसूची आधी वाचलेली बरी. चर्चच्या आद्य पितरांचे, म्हणजे आरंभीच्या शतकांतील ख्रिस्ती लेखकांचे, लेखन यात जवळजवळ नाही. त्यासाठी लॅम्प यांचा स्वतंत्र कोश पाहावा लागतो. इंग्रजीची सवय बेताची असेल, तर याच कोशाची १८८९ साली निघालेली संक्षिप्त ‘मध्यम’ आवृत्ती आधी हाताळावी. तीही पर्सियसवरच आहे.