रेलिब, पायगेम की लव्ह : पहिला गेम कशात लिहायचा?

मेच्या शेवटी माझा भाचा देवगडला आला तो डोक्यात गेम घेऊनच. कलमावरून हापूस सुटतायत, खाली एक माणूस झेला, म्हणजे काठीला लावलेली आंब्यांची जाळी, घेऊन डावी-उजवीकडे धावतोय. फळ झेल्यात आलं की गुण, जमिनीवर आपटलं की वाया. आमच्या बागेत त्याने हेच आधी बघितलं होतं, त्यामुळे गेम कसा असावा याबद्दल त्याला काडीची शंका नव्हती. तो कशात लिहायचा, हे मात्र ठरत नव्हतं.

पोरगा डिप्लोमाला आहे. सी ही भाषा वर्गात शिकलाय, पायथन व्हिडिओ बघून थोडंफार जमतं. लॅपटॉप मामाचा, म्हणजे माझा, २०११ सालचा. नेट फोनच्या हॉटस्पॉटवरून, आणि रेंज खळ्यात तुळशीपाशी उभं राहिलं तरच. पाऊस सुरू झाला की वीज कधी जाईल सांगता येत नाही. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत बऱ्याच घरांत थोड्याफार फरकाने हेच चित्र असतं, म्हणून आम्ही रेलिब, पायगेम आणि लव्ह या तिन्ही लायब्रऱ्या, म्हणजे गेमसाठी तयार लिहून ठेवलेल्या फंक्शनांचे संच, त्याच लॅपटॉपवर एकामागून एक बसवून पाहिल्या.

सी अवघड की पायथन सोपं, यावर लोक तासन् तास बोलतात. माझ्या मते पहिल्या आठवड्यात माणूस अडतो तो वेगळ्याच तीन ठिकाणी. एक, काय काय उतरवून घ्यावं लागतं. दोन, आपल्या मशीनवर गेमची खिडकी उघडते का. आणि तीन, पडद्यावर मराठी नीट उमटतं का. तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी लक्षच देत नाही, आणि आपल्यासाठी तोच सर्वांत मोठा आहे.

आधी गोडॉटबद्दल, कारण गेम बनवायचं ते तयार साधन का नाही घेतलं, हा प्रश्न येणारच. गोडॉट चांगलं आहे, फुकट आहे, एमआयटी या मोकळ्या परवान्याचं आहे, पण ती लायब्ररी नव्हे, ते अख्खं इंजिन आहे. त्यात दृश्यं माउसने रचायची, वस्तू झाडासारख्या एकाखाली एक लावायच्या. फळ दर सेकंदाला साठ वेळा पुसून पुन्हा का काढावं लागतं, हे ज्याला स्वतःच्या हाताने समजून घ्यायचंय त्याने लायब्ररीपासून सुरुवात करावी. शिवाय तयार गेम दुसऱ्याला द्यायचा तर एक्स्पोर्टसाठी वेगळी टेम्प्लेट्स उतरवावी लागतात, आणि ती शेकडो एमबींची असतात. तुळशीपाशी उभं राहून ते होत नाही.

आता रेलिब. रामोन सांतामारिया यांनी २०१३ मध्ये ती सुरू केली, कलेच्या विद्यार्थ्यांना गेम प्रोग्रॅमिंग शिकवताना. ते मूळ तिच्यात अजून दिसतं. सगळी फंक्शनं काही पानांच्या एका तक्त्यात मावतात. हा तक्ता पीडीएफ करून आम्ही झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला, आणि वीज नसतानाही पोरगा तो घेऊन पडवीत बसायचा. खिडकी उघड, चित्र सुरू कर, पार्श्वभूमी पूस, वर्तुळ काढ, चित्र संपव, खिडकी बंद कर. एवढ्या पाच-सहा फंक्शनांवर पहिला आंबा पडायला लागतो.

विंडोजवर रेलिब बसवणं जितकं सोपं आहे तितकं सी मधलं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. एकच इन्स्टॉलर उतरवायचा. त्यात लायब्ररी असते, सी चा कंपायलर, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारा, असतो, आणि रेलिबसाठी आधीच जुळवलेला नोटपॅड प्लस प्लस असतो. सगळं सी ड्राइव्हवर रेलिब नावाच्या फोल्डरात बसतं. नोटपॅडमध्ये फाइल उघडून एफ-६ दाबलं की कंपाइल होऊन गेम सुरू. सोबत शंभराहून अधिक उदाहरणं येतात, आणि ती नुसती वाचायची नसून चालवायची असतात. एकदा उतरवलं की पुढे नेटचं नाव काढायची गरज नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी याहून बरी शिदोरी मला माहीत नाही. एक काळजी घ्या. स्वतःच्या कामाचा फोल्डर साध्या इंग्रजी नावाचा ठेवा आणि नावात मोकळी जागा सोडू नका. कंपायलरकडून काम करवून घेणाऱ्या मेक नावाच्या हत्याराला मोकळी जागा पचत नाही, आणि तेव्हा येणारी चूक वाचून मूळ कारण लक्षात येत नाही.

एवढं सगळं बसवून एफ-६ दाबलं आणि काळी टर्मिनल खिडकी चमकून गेली. गेमची खिडकी आलीच नाही. पोराला वाटलं आपलंच काही चुकलं. त्याने तासभर स्वतःच्या कोडमध्ये अर्धविराम शोधले. चूक कोडमध्ये नव्हतीच. रेलिब नेहमीच्या बांधणीत ओपनजीएल ३.३ मागते, म्हणजे ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घ्यायच्या पद्धतीची ती आवृत्ती, आणि माझ्या लॅपटॉपमधली इंटेल एचडी ३००० ही ग्राफिक्स चिप विंडोजवर ३.१ च्या पुढे जात नाही. जुने लॅपटॉप घरात असणाऱ्यांनी हे आधी तपासावं, रेलिबबाबत निर्णय इथेच होतो. इलाज दोन आहेत. लायब्ररीचा सोर्स सोबत आलेलाच असतो, तो ओपनजीएल २.१ साठी पुन्हा बांधता येतो. मेकला एक जास्तीचा पर्याय सांगायचा, बस्स. दुसरा इलाज म्हणजे लिनक्स. त्याच लॅपटॉपवर लिनक्सचे ड्रायव्हर ३.३ पर्यंत पोचतात. आम्ही पहिला इलाज केला आणि खिडकी उघडली. पण ज्याने कंपायलर कालच पहिल्यांदा पाहिलाय त्याच्यासाठी ही चढण मोठी आहे, हे मला मान्य करावं लागेल.

पायगेमचा इतिहास याहून जुना. पीट शिनर्स यांनी २००० मध्ये तिची सुरुवात केली. आत एसडीएल नावाची सी मधली लायब्ररी काम करते आणि वरून आपण पायथन लिहितो. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने मूळ पायगेम न घेता पायगेम-सीई घ्यावी. २०२३ मध्ये पायगेमवर काम करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ही वेगळी शाखा काढली आणि सुधारणा तिच्यात झपाट्याने होतात. कोडमध्ये आणतानाचं नाव दोन्हींचं पायगेमच, त्यामुळे जुने धडे तसेच चालतात. पण दोन्ही एकत्र ठेवू नका. आधीची असेल तर ती काढून मगच सीई बसवा.

बसवायचं म्हणजे आधी पायथन. इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर, खाली, पायथन पाथमध्ये घालण्याची एक चौकट असते. तिच्यावर खूण करायला विसरलात तर पुढे टर्मिनल पायथनला ओळखणारच नाही. मग पिपला, म्हणजे पायथनची पॅकेजं उतरवून बसवणाऱ्या प्रोग्रॅमला, पायगेम-सीई बसवायला सांगायचं, दहाएक एमबी उतरतात, काम झालं. अडचण येते ती नवंकोरं पायथन घेतल्यावर. पायथनची आवृत्ती नुकतीच आलेली असेल तर तिच्यासाठी तयार बांधलेलं पॅकेज, ज्याला व्हील म्हणतात, ते अजून आलेलं नसतं. मग पिप सोर्सपासून बांधायला जातं आणि लाल अक्षरांची रांग लागते. अशा वेळी एक पायरी मागचं पायथन घ्या, वाद घालत बसू नका. लिनक्सवर नव्या उबंटू किंवा डेबियनमध्ये पिप थेट बसवायला नकार देतं. तिथे आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे आपल्या कामापुरता पायथनचा वेगळा कप्पा, बनवून त्यात बसवायचं असतं.

भाच्याने दोन चुका केल्या, आणि त्या जवळजवळ सगळेच करतात. पहिली म्हणजे, त्याने आपल्या फाइललाच पायगेम हे नाव दिलं. पायथन आधी त्याच फोल्डरात शोधतं, त्यामुळे लायब्ररीऐवजी त्याचीच फाइल त्याला सापडली आणि पायगेममध्ये इनिट नावाचं काहीच नाही अशी तक्रार आली. फाइलला झेला नाव दिलं आणि ती मिटली. दुसरी चूक म्हणजे फिरत्या लूपमध्ये कीबोर्ड-माउसच्या घटना वाचायच्या राहिल्या. तसं झालं की खिडकी गोठते आणि विंडोज सांगतं, हा प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही. घटना वाचणारी चार ओळींची लूप पहिल्या दिवशीच पाठ करून टाका.

जुन्या लॅपटॉपवर पायगेम बिनतक्रार चालली. ती साधं चित्र ग्राफिक्स कार्डावर न काढता प्रोसेसरकडून काढून घेते, त्यामुळे ओपनजीएलची आवृत्ती आडवी येत नाही. वेगाला ती रेलिबच्या जवळपासही नाही. हजार फळं एकदम पाडली तेव्हा गेम रखडला. पण आपल्या कलमावरून एका वेळी दहा फळं सुटतात, आणि दहासाठी ती भरपूर झाली.

लव्हबद्दल थोडक्यात. लुआ भाषेत लिहायचं, डाउनलोड जेमतेम पाचेक एमबी, ओपनजीएल २.१ वर भागतं. मेन डॉट लुआ ही फाइल असलेला फोल्डर लव्हच्या चिन्हावर ओढून टाकला की गेम सुरू. तिघांत सर्वांत लवकर खिडकी हिनेच उघडली. तयार गेम झिप करून नाव बदललं की त्याची लव्ह फाइल होते. मात्र झिप फोल्डरची नको, आतल्या फाइलींची करा, नाहीतर मेन डॉट लुआ तिला सापडत नाही. अँड्रॉइडवरही लव्ह आहे. गावात लॅपटॉपपेक्षा फोन जास्त, तेव्हा मित्रांना आपला गेम त्यांच्या फोनवर दाखवायची ज्याला घाई आहे त्याने लव्ह जरूर घ्यावी. मी तिला मागे ठेवतो ते एकाच कारणाने. डिप्लोमाच्या पोराला सी आणि पायथन दोन्ही पुढे लागणार आहेत, लुआ कदाचित लागणार नाही.

आणि आता मराठी. पोराने गेमच्या पहिल्या पडद्यावर सिंधुदुर्ग लिहायचं ठरवलं. रेलिबच्या मूळ फॉन्टने दहा प्रश्नचिन्हं दाखवली. मोजून दहा, कारण काना-मात्रा सुटं धरलं की सिंधुदुर्ग दहा तुकड्यांचा होतो: स, वेलांटी, अनुस्वार, ध, उकार, द, उकार, र, पायमोडी, ग. मग मुक्ता हा मुक्त परवान्याचा फॉन्ट दिला आणि देवनागरीचे तुकडे हवे असल्याचं सांगितलं. अक्षरं आली, पण पहिली वेलांटी स च्या आधी न येता त्याच्या मागे जाऊन ध ला टेकली, आणि रफार झालाच नाही. पाय मोडलेला र, आणि शेजारी ग. आपल्या जिल्ह्याचं नाव असं बघून वाईट वाटलं. हा फॉन्टचा दोष नाही. तुकडे कोणत्या क्रमाने आणि कोणत्या जोडरूपात मांडायचे हे ठरवणारं काम, शेपिंग, रेलिब करतच नाही. लव्हच्या ११ मालिकेतही तेच.

पायगेम-सीईमध्ये हे जमतं. फॉन्ट उघडल्यावर त्याला लिपी सांगायची: सेट-स्क्रिप्ट या फंक्शनला देवनागरीचा चार अक्षरी कोड, डी-ई-व्ही-ए, द्यायचा. मग आत बसलेलं हार्फबझ, म्हणजे शेपिंग करणारी लायब्ररी, वेलांटी जागेवर ठेवतं आणि रफार ग च्या डोक्यावर चढवतं. एका ओळीने सिंधुदुर्ग सरळ उभा राहिला. ज्याच्या गेममध्ये मराठी संवाद आहेत, शब्दकोडं आहे, गोष्ट आहे, त्याने इथेच पायगेम-सीई निवडावी. वेगाचा वगैरे विचार नंतर करता येईल.

रेलिबवाल्यांसाठीही वाट आहे. ठरावीक पाट्या, म्हणजे शीर्षक, सुरू करा, हरलात, या इंकस्केप या चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये लिहून चित्र म्हणून बाहेर काढा आणि गेममध्ये चित्रासारख्या लावा. बदलता मजकूर एकच असतो, गुणांचा आकडा. देवनागरी अंकांना ना वेलांटी ना जोडाक्षर, तेव्हा ०१२३ रेलिबमध्येही योग्य फॉन्ट दिला की नीट दिसतात. झेल्याच्या गेमला एवढं पुरतं.

गेम दुसऱ्याला द्यायच्या बाबतीत रेलिब पुढे आहे. एक छोटी एक्झी फाइल आणि चित्रांचा फोल्डर दिला की झालं. पायगेमचा गेम पायइन्स्टॉलर या हत्याराने पायथनसकट बांधावा लागतो, फाइल मोठी होते, आणि कधीकधी अँटिव्हायरस तिच्यावर उगाच संशय घेतो. विकायचं म्हटलं तर तिन्ही चालतात. रेलिब आणि लव्ह झेडलिब या मोकळ्या परवान्याच्या आहेत. पायगेम एलजीपीएल आहे, म्हणजे लायब्ररीतच बदल केलात तर ते बदल खुले ठेवावे लागतात. तुमचा गेम तुमचाच राहतो.

भाच्याने अखेर पायगेम-सीई घेतली, लॅपटॉप आणि सिंधुदुर्ग या दोन कारणांनी. माझा लॅपटॉप पाच-सहा वर्षांपूर्वीचा असता आणि गेममध्ये मराठी मजकूर कमी असता, तर मी त्याला रेलिबच घ्यायला लावली असती, कारण वर्गातलं सी तिच्यात कामाला लागतं आणि नेटवाचून ती शेवटपर्यंत साथ देते. पायगेमलाही नेटवाचून बसवता येतं, ते आम्ही नंतर शोधलं. कणकवलीला बरं नेट मिळालं तेव्हा पिपच्या डाउनलोड आदेशाने व्हील पेनड्राइव्हवर घेतलं, सोबत पायथनचा इन्स्टॉलर. व्हील त्याच आवृत्तीच्या पायथनसाठी आणि त्याच सिस्टिमसाठी असायला हवं, एवढी अट. तो पेनड्राइव्ह सध्या विजयदुर्गला त्याच्या मित्राकडे आहे.