एअर रायफलला छर्रे कुठले घ्यायचे: स्वस्त, मॅचवाले, टोकदार की घरी ओतलेले?

भाचीने नाशिकला गंगापूर रोडवर शूटिंगचा क्लास लावला त्याला आता वर्ष होईल, आणि तेव्हापासून दर आठवड्याला एकच फोन, "मामा छर्रे संपले". रोज शंभर शॉट मारले तर पाचशेची डबी पाच दिवसात खलास, त्यामुळे हा रायफल घेण्याइतकाच मोठा निर्णय आहे बरं का, फक्त दुकानात कोणी सांगत नाही.

आधी टोकदारचं निकालात काढू. मेनरोडच्या बाजूला एका दुकानदाराने पहिल्यांदा आम्हाला टोकदार छर्रेच गळ्यात मारले, "हे घ्या, पावरफुल आहेत" म्हणून. आपलं टार्गेट कागदाचं आणि दहा मीटरवर, तिथे पावर काय करायचीय? कागदाला भोक पाडायचंय. टोकदार छर्रा कागद फाडतो, भोकाची कड नीट येत नाही आणि ग्रुपही पसरतो, म्हणजे शॉट एकमेकांजवळ पडत नाहीत. सपाट डोक्याचा छर्रा मात्र पंचिंग मशिनसारखा गोल तुकडा कापून काढतो, म्हणून मॅचमधे, म्हणजे स्पर्धेत, तोच वापरतात. गोल डोक्याचे वाईट नाहीत, पण ते पंचवीस मीटरच्या पुढे कामाचे, तिथे सपाट डोक्याच्या छर्र्याचा वेग लवकर कमी होतो. दहा मीटरवाल्याने त्यांच्या नादी लागू नये.

म्हणजे खरी निवड उरते देशी सपाट की आर-टेन, फिनाले मॅच वगैरे इम्पोर्टेड मॅचवाले. मी एका रविवारी देशी डबी पेपरवर पालथी केली आणि एकेक बघत बसलो. काहींची मागची पातळ झालर चेपलेली, काहींना शिशाची भुकटी चिकटलेली. त्या झालरीमागे हवा भरते आणि ती नळीच्या आत कोरलेल्या पिळदार खाचांना, म्हणजे आट्यांना, घट्ट बसते, तीच वाकडी असेल तर छर्रा सरळ जाणार कसा. मॅचवाल्या डबीत असला माल जवळजवळ नसतो, प्रत्येक छर्रा साधारण 0.53 ग्रॅमचा आणि डोक्याचं माप 4.49, 4.50 मिलिमीटर असं डबीवर छापलेलं. आता टार्गेटवर दहाचा ठिपका केवढा, तर फक्त अर्धा मिलिमीटर, आणि मॅचमधे 60 शॉट, दशांशात मार्क, एका शॉटला जास्तीत जास्त 10.9. तिथे हा फरक दिसतो, नाकारत नाही.

पण नवशिक्याचे शॉट आठ आणि नऊमधे फिरतायत तोवर तो फरक हाताच्या थरथरीत बुडून जातो. माझं मत विचाराल तर पहिले सहा-आठ महिने देशी सपाटच घ्या, चेपलेले निवडून बाजूला काढा, आणि वाचलेल्या पैशात जास्त शॉट मारा. स्वप्नील कुसाळे, ज्याने 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमधे ब्रॉंझ आणलं, तो नाशिकच्याच क्रीडा प्रबोधिनीत घडला. हे नाव काढलं की आमच्याकडचे पालक थेट महागडी डबी मागतात, त्यात त्याचा इव्हेंट 50 मीटरचा, त्याची काडतुसंच वेगळी.

बिनशिशाचे पण मिळतात. हलके आणि कडक असतात आणि बऱ्याच रायफलींना मानवत नाहीत. पण घरात लहान मूल असेल आणि गच्चीवर प्रॅक्टिस असेल तर विचार करा. शिशाचेच घेतले तर रेंजवर वडापाव नाही, छर्रा ओठात धरायचा नाही (पोरं धरतात!), आणि निघताना साबणाने हात.

आता घरी ओतायचं. आमचे एक मेव्हणे, तांबट लेनमधे ओळख, म्हणाले शिसं तर सव्वातीनशे डिग्रीला वितळतं, आपणच करू, वर तांब्याचा मुलामा देऊ, शिकारीच्या रायफलीच्या गोळीला असतो तसा. भाऊजी, ते तांबं ओतलेलं नसतंच, ती पत्र्यातून ओढून काढलेली वाटी असते आणि शिसं तिच्यात दाबून बसवतात. आणि ते लागतं कशाला, तर गोळी सेकंदाला सात-आठशे मीटरने जाते तेव्हा नुसतं शिसं आट्यांमधे सोलवटतं म्हणून. आपला छर्रा जातो 175 च्या आसपास, त्याला नुसतं मऊ शिसंच बरं. छर्रे पण डायमधे दाबूनच करतात, ती कागदासारखी झालर घरच्या साच्यात येत नाही. राहिली शिकारीची गोळी, तर दारूगोळा बनवायला शस्त्र कायद्याने लायसन्स लागतं आणि शिकारीवर 1972 च्या कायद्याने बंदीच आहे, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. शिवाय स्वयंपाकघरात शिशाची वाफ, ताई घराबाहेर काढेल दोघांना.

भाची आता नऊ-दहावर आलीय, म्हणून मागच्या महिन्यात तीन वेगवेगळ्या मॅचवाल्या डब्या आणल्या, कोचने रायफल क्लॅंपमधे आवळून प्रत्येकीचे दहा-दहा शॉट मारले. सगळ्यात महागडी तिसरी आली. तिच्या रायफलला मधली आवडली, त्याच बॅचच्या दोन डब्या स्पर्धेसाठी बाजूला ठेवल्यात, रोजच्याला अजून देशीच. आणि हो, घेताना डबीवर रायफल की पिस्तूल ते वाचा, पिस्तूलचा छर्रा हलका असतो, मी एकदा घाईत तोच उचलून आणला होता आणि आख्खी डबी तशीच कपाटात पडून आहे, कोणाला हवी असेल तर सांगा.