कार्टूनवरून बनवलेलं कॉमिक पुस्तक: सात महिने घरात वापरल्यानंतर

पुस्तक घरात येऊन सात महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर दोन तारे देऊन मोकळी झाले असते आणि ते साफ चुकलं असतं.

लेक सात वर्षांची, धाकटा चार. दोघं ज्या कार्टून सिरीजसाठी वेडे आहेत तिच्यावरूनच केलेलं हे ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे जाडसर विनोदी कॉमिकच. आत तीन गोष्टी, तीच दोन भावंडं, तेच विसरभोळे आजोबा आणि तोच आगाऊ बोका. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण अशी पुस्तकं सतत निघत असतात आणि मी जे सांगणार आहे ते त्यातलं कुठलंही घेताना उपयोगी पडेल. लेकीला वाचता येतं पण कंटाळा फार, चार ओळी झाल्या की "आई, तूच वाच ना". कार्टूनचे एपिसोड मात्र तोंडपाठ. म्हटलं, ओळखीची मंडळी पुस्तकात भेटली तर निदान घेऊन बसेल तरी.

पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत "झालं वाचून" म्हणून बाजूला ठेवलं. नुसती चित्रं बघत पानं उलटली होती, पात्रांचं बोलणं ज्यात लिहितात तो एक फुगा वाचला नव्हता. मला वाईट वाटलं. दोन दिवस तसंच पडून होतं आणि तिसऱ्या दिवशी पलंगामागून खुदुखुदु हसण्याचा आवाज आला, जाऊन बघते तर हेच पुस्तक मांडीवर, आणि ती एकाच पानावर पुढेमागे करत होती.

ते पान नीट सांगते, कारण अख्ख्या पुस्तकाचा जीव तिथे आहे. उजव्या हाताचं पान, चार चौकटी. पहिलीत बोका कपाटावर, शेजारी काचेची बरणी. दुसरीत बोका बरणीकडे बघतोय. तिसरीत आजोबा खाली पेपर वाचतायत, त्यांना काहीच पत्ता नाही. चौथीत बोका नाहीच, फक्त एक पंजा आणि बरणीची कड. पान संपलं. पान उलटलं की दोन पानं मिळून एकच मोठं चित्र आणि त्यात सगळीकडे उडालेल्या गोट्या. हाच प्रसंग टीव्हीवर आम्ही कितीतरी वेळा पाहिलाय, तिथे म्युझिक थांबतं, क्षणभर शांतता आणि मग आवाज. कागदावर ना म्युझिक ना शांतता, म्हणून चित्रकारानं ती शांतता पान उलटण्यात ठेवलीय. आणि लेकीला ते कुणी न सांगता कळलं! आता ती धाकट्याला वाचून दाखवताना त्या पानाचा कोपरा चिमटीत धरून ठेवते, तो "उलट ना ताई, उलट ना" करतो आणि ही "थांब, अजून नाही, अजून पडली नाहीये" असं म्हणत त्याला तंगवते. बरणी कधी पडायची ते ती ठरवते.

मला वाटतं कार्टूनमधून पुस्तक करण्यात जे काही मिळतं ते हेच. पडद्यावरच्या वेळेवर मुलाचा काहीच ताबा नसतो, सिनेमाच्या हिशोबात सेकंदाला २४ फ्रेम जातात, हातानं काढलेल्या कार्टूनमध्ये बरेचदा एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, आणि ती येतात तशी निघून जातात. पुस्तकात चित्रं मोजकीच पण सगळी समोर मांडलेली. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत जे घडलं ते काढलेलंच नसतं, ते वाचणाऱ्यानं मनात घडवायचं. धाकट्याला एकदा विचारलं, पंजा दिसतो आणि मग एकदम गोट्या, मधे काय झालं रे? त्यानं उठून हातानं ढकलून दाखवलं. चार वर्षांच्या, अक्षर ओळख नसलेल्या मुलानं. "हे काय वाचन आहे का, नुसती चित्रं" असं आमच्याकडेही मोठ्यांनी म्हणून झालंय, त्यांना मी हेच सांगितलं.

आता तक्रार, आणि ही मोठी आहे. तीन गोष्टींपैकी पहिली आणि तिसरी कागदासाठी नव्यानं काढलीय, मधली मात्र सरळ एपिसोडमधली चित्रं उचलून चौकटीत बसवलीयत आणि वर फुगे चिकटवलेत. फरक पहिल्या नजरेत कळतो. टीव्हीचं चित्र आडवं, त्यामुळे सगळ्या चौकटी एकाच मापाच्या, एकाखाली एक, डोळा कुठे थांबायचं तेच कळत नाही. तोंडं अर्धवट उघडी, डोळे अर्धवट मिटलेले, कारण हलत्या चित्रातला तो मधलाच क्षण आहे, थांबून बघण्यासाठी तो कधी काढलाच नव्हता. फुग्यांसाठी जागा सोडलेली नसते म्हणून एका ठिकाणी चक्क बोक्याच्या तोंडावरच फुगा आलाय. सात महिन्यांत लेकीनं ती गोष्ट पूर्ण एकदाच वाचली असेल, तिथपर्यंत आली की पानांचा गठ्ठा एकदम उलटून तिसरीवर जाते. तेव्हा असं पुस्तक घेताना मुखपृष्ठ बघून भुलू नका, मुखपृष्ठ सगळ्यांचंच छान असतं, आतली चार पानं उघडा आणि बघा चौकटी लहानमोठ्या आहेत का, एखादं पात्र चौकटीबाहेर डोकावतंय का, एखादी चौकट बिनशब्दांची आहे का.

कार्टूनवरून पुस्तक म्हणजे नुसता धंदा असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटायचं. पण ही देवाणघेवाण फार जुनी आहे. मिकी माऊस १९२८ मध्ये पडद्यावर आला आणि जानेवारी १९३० मध्ये त्याची चित्रपट्टी वर्तमानपत्रात सुरूसुद्धा झाली होती. उलटा प्रवासही झालाय, स्क्रूज मॅकडक हा पैशांच्या ढिगात पोहणारा बदक कार्ल बार्क्स या चित्रकारानं १९४७ मध्ये कॉमिकसाठी निर्माण केला आणि त्यावरून डकटेल्स ही टीव्ही सिरीज आली ती १९८७ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. त्यामुळे एकीकडून दुसरीकडे आणण्यात काहीच वाईट नाही, आणताना पुन्हा काढायचे कष्ट घेतले का एवढाच प्रश्न.

वाचनाचं म्हणाल तर खूप फरक पडलाय, पण हळूहळू, आणि वेगळ्याच वाटेनं. आधी तिला फुग्यांचे आकार कळले. टोकंटोकं असलेला म्हणजे ओरडतोय, ढगासारखा आणि खाली छोटे गोळे म्हणजे मनात बोलतोय, तुटक रेघेचा म्हणजे कुजबुज. मग ती आवाज काढून वाचायला लागली, आजोबांचा घोगरा, बोक्याचा नाकातून. आणि आवाज काढायचा तर शब्द नीट वाचावा लागतो ना! पुस्तक इंग्रजीत आहे आणि सगळी अक्षरं कॅपिटल, जशी कॉमिकमध्ये बहुतेक असतात, त्याचा सुरुवातीला त्रास झाला कारण तिला स्मॉल लिपीची सवय. महिनाभर अडखळली, मग बसलं.

धडाधड आवाजांचे शब्द मात्र आम्ही सगळे मराठीत करून टाकलेत. हे आमचं सगळ्यात आवडतं काम झालंय. बरणी फुटते तिथे "खळ्ळकन", गोट्या सांडतात तिथे "टणटणटण", आजोबा खुर्चीवरून सरकतात तिथे मी "धप्प" म्हटलं तर लेक म्हणाली नाही आई, ते हळूच पडलेत, "फतक्कन" पाहिजे. तिचंच बरोबर होतं, चित्रात आजोबांच्या हातातला पेपर तसाच उघडा आहे, म्हणजे जोरात पडलेच नाहीत. असं चित्र बघून शब्द शोधायला ती कुठल्या धड्यानं बसली असती का, माहीत नाही.

काही विनोद कागदावर मेलेत. सिरीजमध्ये एक शेजारी आहे त्याची सगळी गंमत त्याच्या बोलण्याच्या ढबीत, पुस्तकात तो नुसताच बडबड्या वाटतो. गाणं आहे ते शब्द आणि संगीताची चिन्हं छापून उरकलंय, तिथे कुणी थांबत नाही. आणि पात्रांची ओळख कुठेच करून दिलेली नाही. माझ्या बहिणीचा मुलगा, ज्यानं सिरीज पाहिलीच नाहीये, त्याला पहिली सातआठ पानं कोण कुणाचं कोण तेच कळेना, बोक्याच्या पानांवर मात्र तोही गडाबडा लोळला. शेजाऱ्याच्या जाडेपणावरचा विनोद चारपाच वेळा येतो तोही मला आवडला नाही. लेकीनं तो एकदा खेळताना दुसऱ्या मुलीवर वापरला, तेव्हा बसवून बोलावं लागलं.

कागद चांगला जाड आहे, रंग उडाले नाहीत, पण बाइंडिंग नुसतं डिंकावर. तिसऱ्या महिन्यात पानं सुटायला लागली आणि पहिलं कुठलं सुटलं असेल? तेच, बरणीचं. त्याला तीन वेळा चिकटपट्टी लावलीय. त्यात मोठ्या चित्राचा मधला भाग दोन पानांच्या जोडात गेलाय, आजोबांचा चेहरा नेमका तिथे, पुस्तक पूर्ण आडवं दाबल्याशिवाय दिसत नाही आणि दाबलं की अजून सुटतं. मुलं कॉमिक शंभर वेळा वाचतात, तेव्हा शिवलेल्या बाइंडिंगचं मिळत असेल तर तेच घ्या.

तारे चार. मधल्या गोष्टीचा एक कापला.

मागच्या आठवड्यात लेकीनं कोरा कागद घडी घालून आठ पानांचं पुस्तक केलं, गोष्ट आमच्या घरातलीच, धाकटा आणि पाण्याची बादली. अशी दोनतीन आधीही केली होती, त्यात सगळी पात्रं सगळ्या चौकटींत बोलतच होती, फुग्यांना जागा पुरायची नाही. यावेळी पाचव्या पानावर फक्त बादलीची कडी आणि दोन बोटं काढली होती, शब्द एकही नाही. पुस्तक माझ्या हातात दिलं, पण त्या पानाचा कोपरा तिनं स्वतःच धरून ठेवला.