जुनी पात ठेवावी की नवी मोठी फायबर घ्यावी?

मालवण-देवगड पट्ट्यात पहिली होडी बहुधा कुणाची तरी वापरलेलीच असते. फायबरची पात म्हणजे लहान होडी, मागच्या फळीला बाहेरून टांगलेलं पेट्रोलवरचं टू-स्ट्रोक इंजिन (आऊटबोर्ड), दोन माणसं आणि गिलनेट, म्हणजे मासा कल्ल्यांत अडकवणारं जाळं. काही हंगाम बरे गेले की तीस फुटी नवी होडी डोळ्यांसमोर नाचायला लागते. घ्यावी का?

आधी एक सांगा, वैताग नेमका कशाचा आहे? पुष्कळदा तो होडीचा नसतोच, इंजिनाचा असतो. टू-स्ट्रोक पेट्रोल भरपूर पितं, त्यात ऑइल मिसळत बसा, वर धूर. फोर-स्ट्रोक कमी पितं, आवाजही कमी. पण ते महाग आणि वजनाला जड. शिवाय टू-स्ट्रोक किनाऱ्यावर कुणीही पाना घेऊन उघडतो, तसं याचं होत नाही, जाणता मेकॅनिकच लागतो. तरीही नव्या होडीच्या मानाने हा खर्च बराच कमी.

मात्र जुना सांगाडा, म्हणजे होडीचं अंग, फोर-स्ट्रोकचं वजन पेलेल का, हे बघायला हवं. होडी वाळूवर असताना नाणं घेऊन तळापासून मागच्या फळीपर्यंत ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर फायबरचे थर शाबूत आहेत. बद्द वाजलं तर थर सुटलेत किंवा आत पाणी मुरलंय. मागची फळी जास्त दगा देते. तिच्या पोटात बऱ्याचदा प्लायवूड असतं आणि स्क्रूच्या भोकांतून खारं पाणी आत शिरून ते कुजतं. इंजिन खालून धरून वर-खाली हलवा. इंजिनाबरोबर फळीही हलत असेल तर त्या होडीवर नवं इंजिन चढवू नका.

नव्या मोठ्या होडीचे फायदे खरेच आहेत. बर्फाचा खण मोठा, त्यामुळे सुरमई ताजी राहते आणि लिलावात भाव मिळतो. वारा उठला तरी अंग कोरडं राहतं, लांबची मजल मारता येते. पण लांब गेलात की परराज्यांतल्या हायस्पीड ट्रॉलरांच्या वाटेत तुमचीच जाळी पसरलेली असतात, तेही हिशेबात धरा. खलाशीही वाढतात. आणि खलाशी आजकाल मिळतात कुठे? रत्नागिरीकडच्या मोठ्या नौका नेपाळी खलाशांवर चालतात.

माझ्या मते निर्णय ठरतो तो होडी लागते कुठे यावर. लहान पात दोघं-चौघं मिळून ओंडक्यांवरून वाळूवर ओढतात. तीस फुटीला ते जमत नाही. ती नांगरावर किंवा खाडीत राहणार, म्हणजे तळाला शेवाळ आणि कालवं धरणार, दरवर्षी तळाला रंग लावावा लागणार. रात्री वारा फिरला की झोप उडणार. ती शाकारायची, म्हणजे पावसाळ्यासाठी वर ओढून झाकून ठेवायची, तर क्रेन किंवा निम्मी वाडी बोलवावी लागते. डिझेलचं आतलं इंजिन घेतलंत तर मच्छीमार संस्थेमार्फत डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा मिळतो, पण दांडा आणि पंखा तळाखाली येतो, वाळूवर लावायचा विषयच संपला. तेव्हा खाडीत हक्काची जागा आणि भरवशाचे दोन खलाशी असतील तर नवी घ्या. उघड्या किनाऱ्यावर असाल आणि सांगाडा खणखणीत असेल तर इंजिन बदला, बाकीचे पैसे जाळ्यांत घाला.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०२० सालच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमाराला जुन्याऐवजी नवी होडी आणि जाळी यांसाठी ५ लाखांपर्यंतचा खर्च धरला होता. अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. अशा योजनेतून घेणार असाल तर आज काय चालू आहे ते मत्स्य विभागात विचारा, मंजुरी हातात येईपर्यंत कुणाला आगाऊ देऊ नका. नोंदणी आणि परवाना झाल्याशिवाय नवी होडी मासेमारीला काढता येत नाही. जुनी विकलीत तर नोंदणीवरचं नाव बदलून घ्या, नाहीतर तिच्या भानगडी तुमच्याच दारात येतील.

ऑर्डर द्यायचीच तर दिवाळीनंतर द्या. पावसाळ्याच्या दमट हवेत फायबरचं काम नीट बसत नाही. १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागायच्या आत होडी पाण्यात उतरवून, भार टाकून बघता येते. आणि कारखान्यात आतून रंग मारायच्या आधी एकदा जाऊन या. कुठे पांढुरके, कोरडे पट्टे दिसले तर तिथे मॅटमध्ये, म्हणजे फायबरच्या कापडात, रेझिन (ते घट्ट करणारा चिकट द्रव) पोचलेलं नाही. तेवढा भाग समोर बसून पुन्हा करून घ्या, रंग चढल्यावर कुणी दाद देत नाही.