स्टेशनजवळचा स्पोकन इंग्लिश क्लास : 'फोन आणि ॲप' बॅच

मी ठाण्यात दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. अपॉइंटमेंटचे रिमाइंडर, ओटीपी, पेमेंटचे मेसेज, दिवसभर हेच. परदेशातून सुट्टीत दात करून घ्यायला येणाऱ्यांशी इंग्रजीत बोलावं लागतं आणि माझी गाडी नेमकी तिथेच अडायची. म्हणून रविवारची ही बॅच लावली. फी पंधराशे.

शिकवणाऱ्या बाई एकदम झकास. पुस्तक बाजूला ठेवायला लावतात आणि म्हणतात, "आपापला फोन काढा." आपण म्हणतो "ओटीपी आला नाही", आणि त्याचंच तोंडातून "ओटीपी इज नॉट कमिंग" निघतं. बाईंनी तिथेच धरलं: "आय डिडन्ट गेट द ओटीपी." मेसेज आला काय, राहिला काय, इंग्रजीत पुढे उभं राहायचं आपणच. मग त्यावरच वर्ग फिरवला: "डिड यू गेट द रिमाइंडर?" "आय जस्ट गॉट अ मेसेज फ्रॉम द बँक." "आय कीप गेटिंग दीज अलर्ट्स." हे "कीप गेटिंग" माझ्या कामाला सोन्यासारखं आहे. बंद करून हवंय असं सांगणारा प्रत्येक पेशंट इथूनच सुरुवात करतो.

बंद करणं म्हणजे "टर्न ऑफ". पण २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने आणीबाणीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली, तेव्हा खिशाखिशातले फोन किंचाळले होते ना, त्याला "माय फोन वेन्ट ऑफ" म्हणायचं. म्हणजे फोन वाजला, बंद पडला नाही! यावर बाईंनी भरपूर वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला. "म्यूट", "सायलेंट", "डू नॉट डिस्टर्ब" मात्र भराभर उरकलं. ते तसंही सगळ्यांना येतं.

छापील नोट्स सुमार. पानापानावर "आय हॅव रिसीव्ह्ड अ नोटिफिकेशन". व्याकरण बरोबर, पण असं बोललात तर मामलेदार कचेरीतून पत्र आल्यासारखं वाटतं. बाई स्वतःच ते वाक्य खोडायला सांगतात. मग छापता कशाला?

आणि क्लासचं ॲप! "आजचा शब्द", "तुमचा सराव राहिलाय", "नवीन बॅच सुरू", रात्री साडेदहालासुद्धा टिंग टिंग. मी सेटिंगमध्ये जाऊन फक्त वेळापत्रकाचं चालू ठेवलं, बाकीचं सगळं बंद. ऑफिसातल्या मॅडमना म्हटलं, "आय कीप गेटिंग युवर अलर्ट्स." त्या हसल्या, पण रात्रीची टिंग टिंग काही थांबवली नाही.

बाईंसाठी पाचपैकी पाच, नोट्स आणि ॲपसाठी दोन. बॅच सकाळचीच घ्या. संध्याकाळी खिडकीखाली रिक्षांची रांग लागते आणि मागच्या बाकावर "गेट" की "गॉट" ते कळत नाही.